आपण की आम्ही

रखमाताईंनी हात वर केला तो कॅमेऱ्यात पुरता मावला नाही. हिरव्या बांगड्या तेवढ्या दिसल्या, आणि बांगड्यांच्या मागून आवाज आला, “टीचर, हे वी म्हंजे आपण का आम्ही?” लेव्हल वनची सकाळची बॅच. इरावतीने नेहमीच्या सफाईने सांगितलं, “दोन्ही, ताई. इंग्लिशमध्ये एकच शब्द आहे. आपणलाही वी, आम्हीलाही वी.” शीव कोळीवाड्यातल्या त्या घरात मागे मिक्सर फिरत होता, तो थांबला. रखमाताई कॅमेऱ्याजवळ सरकल्या, कपाळ आणि कुंकू एवढंच उरलं. “मंग समोरच्याला कलायचा कसा, तो आत हाय का भायेर?” कुणीतरी हसलं. रखमाताईंची सून मंगलोरची, मुलगा आणि ती घरात इंग्रजीच बोलतात, म्हणून तर साठीला टेकलेल्या या बाईने मासळीची पाटी सुनेच्या नव्हे, भाचीच्या डोक्यावर देऊन मोबाइलवर शाळा धरली होती. त्या सांगू लागल्या, “रविवारी सून बोलली, वी आर गोइंग टू माहीम. मी चांगली साडी काढली, गजरा मालला, सोफ्यावर जाऊन बसले. दोघा आली, चपला घातल्या, नि मला बोलली, आई, डोअर लॉक कर.” सगळे खळखळून हसले. रखमाताईही हसल्या, पण सगळ्यांच्या जरा नंतर. “संदर्भावरून कळतं ते,” इरावती म्हणाली. “आजूबाजूच्या वाक्यांवरून. पुढच्या आठवड्यात बघू.” आणि तिने पुढची स्लाइड लावली. पण सोफ्यावर बसून राहिलेला तो गजरा स्लाइडच्या मागून वास देत राहिला, बॅच संपली तरी.

लालबागच्या या टॉवरमध्ये, जिथे पूर्वी तिच्या सासरची चाळ होती त्याच जमिनीवर पण हवेत सोळा मजले वर, इरावती दिवसभर इंग्रजी शिकवते. सकाळी लेव्हल वन, दुपारी टू, संध्याकाळी थ्री. सकाळी माणसं नाव-गाव सांगायला शिकतात, दुपारी काळ चुकवतात, संध्याकाळी मुलाखतीला बसल्यासारखी ताठ बोलतात. एकाच खुर्चीत बसून तिला दिवसातून तीनदा तीन वयांचं व्हावं लागतं. तिच्या मागे निळा साधा पडदा. ॲपच्या लोकांनी सांगितलं होतं, पाठीमागे सगळं न्यूट्रल ठेवा. आधी मागे यायची त्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, त्यांना न्यूट्रल व्हायला तिने सांगितलं नाही, फक्त खुर्ची फिरवली आणि समोर येतील अशी ठेवली. आता ती शिकवते तेव्हा ते दोघं तिच्याकडे बघत असतात. दुपारच्या बॅचमधल्या एका गृहस्थांनी मागे एकदा, क्लास संपून सगळे गेल्यावर, गोड आवाजात विचारलं होतं, “मॅडम, आपल्यातल्याच ना तुम्ही? मराठी फार शुद्ध आहे म्हणून विचारलं.” ती म्हणाली होती, “कुणाच्यातल्या?” आणि ते गृहस्थ नेट गेल्यासारखे गोठले होते. ‘आपल्यातले’ हा शब्द तिने पोरवयापासून इतक्या दारांवर ऐकला आहे, दादरला भाड्याने खोली बघताना, कॉलेजात डबा उघडताना, की कुणी ‘आपण’ म्हटलं की तिचा कान आधी उठून उभा राहतो, आणि मोजून घेतो: यात मी आहे का. रखमाताईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना एका रविवारने शिकवलं.

त्याच संध्याकाळी लेव्हल थ्री संपली. निमेश नावाचा एक हुशार मुलगा, औषधाच्या कंपनीत कामाला, शेवटी बोलला होता. त्याच्या बोलण्यात सगळीकडे वी. वी हॅव ग्रोन, वी बिलीव्ह, वी आर लाँचिंग. तिने हसून विचारलं होतं, “वी म्हणजे तू आणि कोण?” तो गोंधळला. म्हणाला, “मॅम, कंपनी.” तिने हेडफोन काढला, आणि हेडफोन काढल्यावर कानात जी एक पोकळी येते तिच्यात गॅलरीतून नवऱ्याचा, जयवंतचा आवाज आला. तो इंग्रजी बोलत होता. जयवंत रे रोडच्या गोदामात सुपरवायझर, मालाची चढउतार बघणारा. त्याला इंग्रजी येतं ते कागदावरचं, बोलायची वेळ आली की तो हिंदीत शिरतो. सोळा वर्षांच्या संसारात तिने त्याला सलग इंग्रजी बोलताना ऐकलं नव्हतं. कंपनीचे नवे साहेब चेन्नईचे, हिंदीला हात न लावणारे, एवढं तिला माहीत होतं. “येस सर. येस सर. वी आर रेडी, सर. वी आर शिफ्टिंग इन मार्च ओन्ली.” मग थोडा वेळ नुसतं हं, हं. मग, “नो सर, नो प्रॉब्लेम फ्रॉम फॅमिली साइड.” गॅलरीचं दार सरकलं. तो आत आला, तिला खुर्चीत बघून दचकला, निदान तिला तसं वाटलं, आणि म्हणाला, “संपला काय क्लास? आज लवकर?” क्लास नेहमीच्याच वेळी संपला होता.

शिफ्टिंग. कुठे? पण तिचं मन ‘कुठे’वर थांबलंच नाही, ते सरळ वाक्याच्या पहिल्या शब्दावर जाऊन बसलं, जसं मांजर नेमकं मऊ उशीवर जाऊन बसतं. वी. कंपनी शिफ्ट होते आहे का? गोदाम हलणार अशी कुजबुज वर्षभर आहे. मग वी म्हणजे कंपनी, निमेशसारखं. की वी म्हणजे तो आणि त्याचा भाऊ उत्तम? उत्तमच्या डोक्यात कायम काही ना काही धंदा असतो. की वी म्हणजे तो आणि ती? दोन माणसांचं घर. मूल झालं नाही, सासूबाई दोन पावसाळ्यांपूर्वी गेल्या. दोनच माणसांच्या घरात वी म्हटलं तर दुसरं माणूस कोण असणार, असं कुणीही म्हणेल. पण मग ते दुसरं माणूस इथे खुर्चीत बसलं असताना त्याला ते ठाऊक का नाही? आणि नो प्रॉब्लेम फ्रॉम फॅमिली साइड. म्हणजे फॅमिली ही एक बाजू. रस्त्याची असते तशी. तिने गॅस पेटवला, कुकर लावला, आणि तिच्यातली मास्तरीण, जी जेवतानाही झोपत नाही, तिने वाक्याचं क्रियापद उचलून उजेडात धरलं. वी आर शिफ्टिंग. दुपारच्या बॅचला ती हेच शिकवते. आय विल गो म्हणजे आत्ता मनात आलं. आय ॲम गोइंग टू गो म्हणजे मनात आहे. पण आय ॲम गोइंग इन मार्च म्हणजे ठरलं, बोलणी झाली, सामान बांधायचं तेवढं राहिलं. जयवंतला हा फरक माहीत असेल? की आपल्याकडे सगळेच जिथे तिथे इंग लावतात तसा त्याने लावला? चूक असली तर तो निर्दोष होता. बरोबर असलं तर... तिला स्वतःचंच नवल वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मागणं मागत होती, आणि तेही व्याकरणाकडे, की या माणसाचं इंग्रजी कच्चं असू दे.

सरळ विचारायचं होतं. कुणीही सरळ विचारलं असतं. पण विचारलं की माणूस उत्तर देतो, आणि उत्तर म्हणजे धुऊन, पिळून, वाळत घातलेला शब्द. न विचारता जो शब्द सांडतो तोच खरा, हे ती कुठे शिकली होती ते तिला चांगलं आठवत होतं. गिरणी बंद झाल्यावरची ती वर्षं. डिलाइल रोडच्या चाळीत त्यांची एक खोली. एका संध्याकाळी बाबा चहा पिता पिता म्हणाले, “भिवंडीला जायचं ठरलंय.” एवढंच. कुणी, ते नाही. आई हसली, उठली, आणि भिंतीवरच्या फळीवरून भांडी उतरवू लागली. पितळेचा डबा, तीन वाट्या, झारा, इरावतीच्या नावाचं फुलपात्र. एकेक भांडं पदराने पुसून तिने गोणपाटात गुंडाळलं. शेजारच्या खोलीतल्या बाईला सांगून आली. इरावती सहा-सात वर्षांची. भिवंडी म्हणजे समुद्राच्या पलीकडचं काहीतरी असं तिला वाटत होतं, आणि ती भांड्यांना टाटा करत नव्हती, खोलीला करत होती. सकाळी बाबा उठले, एक पिशवी उचलली, आणि दारात उभे राहून म्हणाले, “येतो मग. आम्ही गिरणीतले तिघे आहोत, मागावर एकत्रच काम मिळालंय.” आम्ही. आईच्या तोंडावर काय झालं ते इरावतीने पाहिलं नाही, कारण आई पाठमोरी होती. तिला फक्त गोणपाट सुटल्याचा आवाज आठवतो. आणि भांडी परत फळीवर चढताना आई जे गुणगुणत होती ते. आई कसल्याही कामाला ओवी लावायची, जात्याची वाट बघायची नाही. 

उतरली बाई भांडी, फळी झाली गं मोकळी
धनी चालला परगावा, संगं नेईना सावली

तेव्हा इरावतीला ते गाणं फळीचंच वाटलं होतं. बाबा पंधरा दिवसांनी यायचे, मग महिन्याने, मग सणाला. ते वाईट नव्हते. पैसे पाठवायचे, मुलीसाठी रिबिनी आणायचे. पण आई त्यानंतर बाबांचं कुठलंही वाक्य पूर्ण ऐकायची नाही. सुरुवातीचा एक शब्द ऐकायची, आणि पुन्हा चुलीकडे वळायची.

इंग्रजीत लपता येतं, पण मराठीत कसा लपेल, असं इरावतीने मनाशी म्हटलं. मराठीला दोन दारं आहेत, आपण आणि आम्ही, आणि कुठल्या तरी एका दारातून त्याला बाहेर पडावंच लागेल. ती जाळं टाकून बसली. रात्री नव्हे, दिवसाउजेडी, पोळ्या लाटताना, चादरीच्या घड्या घालताना, अगदी सहज. “मार्चमध्ये वैशालीच्या मुलीचं लग्न आहे रे. कुर्ल्याला.” “असं? मार्चमध्ये? जरा कठीणच दिसतंय.” “का?” “नाय, कामं असतात मार्च एंडला.” दिसतंय. असतात. कर्ता नावाचा माणूसच वाक्यात नाही. दुसऱ्या दिवशी तिने गॅलरीच्या गंजलेल्या ग्रीलचं काढलं. “रंगवून घेऊया का?” तिने मुद्दाम ‘या’ लावला, आपणचा धाकटा भाऊ तो, त्याला बोट धरून आत आणलं. जयवंत मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, “आता कशाला रंगवायचं. बघू.” बघूया नव्हे. बघू. पूर्वी तो बघूया म्हणायचा की बघू, हे आठवायचा तिने प्रयत्न केला आणि तिला धडकी भरली, की सोळा वर्षांत तिने हे कधी ऐकलंच नव्हतं. माणसाच्या बोलण्यातला शेवटचा अक्षरभर तुकडा कोण ऐकतं? आणि मग तिच्या लक्षात आलं की मराठीतही चोरदार आहे. ‘जाणार आहोत’ म्हटलं की झालं. आपण जाणार आहोत, आम्ही जाणार आहोत, क्रियापद दोघांना एकच. कर्ता गिळून टाकायचा आणि क्रियापद पुढे करायचं. आपल्या भाषेने नवऱ्यांसाठी ही सोय कधीपासून करून ठेवली असेल?

एकदा संशय घरात आला की तो पाहुण्यासारखा एका जागी बसत नाही. तो डबे उघडून बघतो. जयवंतने एका सकाळी विचारलं, “इरा, तुझ्या क्लासला नेट किती लागतं गं? फोनचं चालतं काय, का वायफायच लागतं?” आजवर तो तिच्या क्लासबद्दल बोलला असेल ते एवढंच, की आवाज कमी कर, बातम्या ऐकू येत नाहीत. “का रे?” “असंच.” असंच. ती दिवसभर त्या ‘असंच’च्या मागे फिरली. मी कधी अडकलेली असते, कधी नसते, ते त्याला हवं असेल. की मी एकटी इथे राहून चालवीन का, याचा हिशेब असेल. तो मोबाइलवर काहीतरी बघत बसे, दोन खोल्या, एक पंखा, पुढे गुलमोहरासारखं झाड. ती जवळ गेली की मोबाइल पालथा. पालथ्या मोबाइलची पाठही तिला बोलकी वाटू लागली. गॅलरीतून पूर्वेला शिवडीची खाडी दिसते, भरती ओसरली की चिखलावर गुलाबी रेघ, रोहित पक्ष्यांची. इतक्या वरून एक पक्षी वेगळा दिसत नाही, नुसता रंग दिसतो. यातला एखादा मनातून वेगळा निघालेला असेल, उद्या उडून जायचं ठरवून उभा असेल, तर बाकीच्या रंगाला ते कळत असेल? तिच्या ओठांवर आपोआप आलं, आईच्या चालीत, आईचं नसलेलं:

सोळाव्या मजल्यावरी, वारा खिडकीशी गं भांडे
बोले घरधनी माझा, माझं नाव कुठं सांडे

आणि तिने घाईने खिडकी लावली, दुपारची बॅच सुरू व्हायची होती. त्या दिवशी बॅचला तिने काळच घेतले, पुन्हा. एक नर्स बाई म्हणाल्या, “मॅडम, हे झालंय आपलं मागच्या आठवड्यात.” “उजळणी,” ती म्हणाली. “सांगा, माय हजबंड इज लीव्हिंग इन मार्च. काय कळतं?” नर्स बाईंनी झटकन सांगितलं, “तिकीट काढलंय, मॅडम.” सगळे हसले. इरावतीने “व्हेरी गुड” म्हटलं, आणि तिचा आवाज तिलाच हेडफोनमधून परत ऐकू आला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा, नवरा परगावी जाणाऱ्या बाईची समजूत घालणाऱ्या शेजारणीचा.

रविवार आला. ती खाली कोथिंबीर आणि सुका जवळा आणायला गेली होती. टॉवर झाला तरी खालचा नाका चाळीचाच राहिला आहे. ज्या पोरांनी पूर्वी जिन्यात बसून दिवस काढले ती पोरं आता पोट सुटून, केस विरळ होऊन, लिफ्टच्या लॉबीबाहेर दुचाकींवर बसतात. जयवंत तिथेच होता, त्याच्या बाजूला विकास, शाळेपासूनचा दोस्त, तोंडाने फाटका, मनाने बरा. दोघांची पाठ तिच्याकडे. ती खांबापाशी आली आणि तिला जयवंतचा आवाज ऐकू आला, घरातल्यापेक्षा मोठा, मोकळा, पंचवीस वर्षांनी तरुण.

“आपण चाललो भाई. मार्चला. मुंद्रा, गुजरात. बस झालं हे लालबाग.”

आपण. आला. इतके दिवस जाळ्यात न आलेला शब्द असा रस्त्यावर, न विचारता, स्वतःहून सांडला होता. तिच्या हातातली कोथिंबीर एकदम हलकी झाली. तिला वाटलं, पुढे जावं आणि सगळ्यांदेखत या माणसाच्या पाठीवर थाप मारावी. आणि त्याच क्षणी, तो हलकेपणा पायापर्यंत पोहोचायच्या आत, तिच्या कानाने मान हलवली. ही लालबागची पोरं. ही ‘मी’ म्हणतात कुठे? आपण कोणाला घाबरत नाय. आपण आज दाढी केली. आपण तिला लाइक करायचो. यांच्या नाक्यावर ‘मी’ हा शब्द घरी ठेवून यायचा असतो, इथे एकटा माणूसही आपण असतो. आणि चाललो. मी चाललो, आपण चाललो. पुरुषाच्या तोंडी क्रियापद पुन्हा एकच. ती खांबाला टेकली. भाषेचं शेवटचं दार होतं तेही दोन्हीकडे उघडत होतं. आता आणखी कुठे जायचं ऐकायला?

विकासने गुटख्याची पुडी फाडायचं थांबवलं. “आपण म्हंजे? एकटाच काय? का वहिनीला घेऊन?”

किती सोपं होतं ते. सहा-सात शब्द, आणि त्यातही एक ‘काय’ फुकटचा. तिने दिवसेंदिवस जे उचलायचं धाडस केलं नाही ते विकासने पुडी फाडता फाडता उचललं.

“एकटा कशाला जाईन? येडा झालास?” जयवंत म्हणाला. “फॅमिली क्वार्टर देतायत. दोन खोल्या, पुढं झाड-बीड आहे. साहेबाला सांगून टाकलं, आमची फॅमिली साइड एकदम क्लिअर आहे. ही काय, मोबाइलवर शिकवते. हिला काय, कुठं पण बसेल. नेट आहे का तेवढं विचारून घेतलं.”

मग इरावतीने आनंदाची वाट बघितली. तो यायला हवा होता. ती आत होती. पहिल्या शब्दापासून आत होती, गॅलरीतल्या त्या फोनपासून, त्या पालथ्या मोबाइलमधल्या झाडाखालीसुद्धा ती होतीच. एवढे दिवस जे भूत तिने खाऊ-पिऊ घालून मोठं केलं ते नव्हतंच. तिने वाट बघितली, आणि आनंदाऐवजी ‘कुठं पण बसेल’ आलं. ते आलं आणि बसलं. तिच्या आईला कुणी शब्दात घेतलं नव्हतं म्हणून आईने भांडी परत फळीवर चढवली होती. हिची भांडी कुणीतरी परस्पर उतरवून, पुसून, गोणपाटात बांधूनही टाकली होती, आणि ती अजून त्याच वाटीत आमटी वाढत होती. निळा पडदा, त्यासमोरची खुर्ची, भिंतीवरून तिच्याकडे बघणारे दोघं, सकाळ-दुपार-संध्याकाळच्या चौकटी, हा नाका, चौदा एप्रिलची चैत्यभूमीची वाट, हे सगळं ‘कुठं पण’ होतं. बाहेर ठेवलं जाण्याची भीती तिला ओळखीची होती, तिला नाव होतं, चाल होती, ओवी होती. आत ठेवलं जाण्याला तिच्याकडे एकही ओळ नव्हती.

विकासला ती आधी दिसली. “आयला, वहिनी,” तो म्हणाला, आणि दुचाकीवरून उतरला. जयवंत वळला. त्याचं तोंड आधी घाबरलं आणि मग फुललं. “ऐकलंस काय? च्यायला, सरप्राइज होतं. एक तारखेला तुझा बर्थडे ना, तेव्हा सांगणार होतो.”

“छान आहे,” ती म्हणाली. “कुणाला सरप्राइज?”

“तुला, अजून कुणाला.” तो हसला. विकासने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, “मी जरा पान घेऊन येतो,” आणि पानाच्या टपरीच्या उलट दिशेला गेला.

लिफ्टमध्ये दोघंच होती. आरशात ती दोघं आणखी एकदा होती. जयवंतने पिशवी तिच्या हातातून घेतली. मग तो म्हणाला, “तोंड का असं केलंयस? काय वाटलं होतं तुला?”

“की तू एकटा चाललायस.”

“तुला टाकून?”

“हो.”

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिने आरशात बघितलं तर त्याचे कान लाल झाले होते, लग्नाच्या वेळी फोटोग्राफरने जवळ उभं राहा म्हटल्यावर झाले होते तसे. “कोण बोललं तुला असं?”

“तूच. फोनवर. वी आर शिफ्टिंग.”

“अगं, मग वी बोललो ना,” जयवंत म्हणाला. तो खरंच चक्रावला होता. “आय कुठं बोललो?”

तिला हसू आलं. याला ती काय सांगणार? सगळ्या लेव्हलचं इंग्रजी एका बाजूला आणि हा माणूस एका बाजूला. त्याच्या लेखी वी म्हणजे ती होतीच, श्वासासारखी, गृहीत, आणि श्वासाला कुणी विचारत नाही. तिचा संशय खोटा ठरला होता. पण खोट्या संशयाच्या मागे एक खरी गोष्ट इतके दिवस दबा धरून बसली होती, आणि ती आता उठून उभी राहिली. तिला शब्दात जागा हवी होती. मुंद्र्याला जायचं आहे का, हे तिने एकदाही, एकट्यानेही, स्वतःला विचारलं नव्हतं.

“फॅमिली साइडने प्रॉब्लेम नाही म्हणालास,” ती हळूच म्हणाली. “फॅमिलीला विचारलं कुणी?”

“आता तुला काय विचारायचं, इरा? आपण काय परके आहोत?”

“परक्याला विचारतात, जयवंत. परक्याला सगळे विचारतात.”

लिफ्ट थांबली. दार उघडलं. जयवंत एक पाय बाहेर टाकून थांबला, पिशवी एका हातात, दुसऱ्या हाताचा तळवा दारावर, ते मिटू नये म्हणून. कोथिंबिरीची एक काडी पिशवीतून वर आली होती. तो तिच्याकडे बघत राहिला, तसं त्याने बरेच दिवस बघितलं नव्हतं, की तिनेच बघू दिलं नव्हतं. मग त्याने विचारलं, “येतेस का?”

लिफ्टच्या बाहेर, की मुंद्र्याला, तिला कळलं नाही. कदाचित त्यालाही विचारताना ठाऊक नसेल. पण त्या एवढ्याशा क्रियापदाच्या टोकाला एक ‘स’ होता, आणि तो दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता. त्यात ना आपण मावत होतं, ना आम्ही, ना कंपनी, ना साइड. तिथे फक्त ‘तू’ मावत होतं. संदर्भावरून अर्थ लावायची सवय तिच्या मनाने एकदा पुढे केली, आणि तिने ती मागे घेतली. तिला मोठा प्रश्न हवा होता, तिने मोठा घेतला.

“थांब,” ती म्हणाली. “विचार करू दे.”

लिफ्ट वाजू लागली, दार मिटा, दार मिटा अशी. शेजारच्या ब्लॉकमधून कुणीतरी डोकावलं. जयवंतने दारावरचा हात काढला नाही.